अँटेनाच्या शेजारी काय ठेवलंय?



तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल तर कौलावरचा किंवा गच्चीवरचा दूरदर्शनचा अँटेना तुम्हाला नक्की आठवत असेल. एक जण वर चढून अँटेना फिरवायचा, एक जण खिडकीत उभा राहून निरोप द्यायचा आणि बाकीचे टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, मुंग्याच!" "आता?" "आलं आलं, तिथंच राहू दे!" मग वरचा माणूस हात सोडून दोन पावलं मागं सरकायचा आणि चित्र पुन्हा गायब. घरातले म्हणायचे, अँटेना हलला. पुष्कळदा अँटेना जागच्या जागीच असायचा. हललेला असायचा तो माणूस! माणसाचं शरीर हीदेखील अँटेनाच्या शेजारची एक वस्तूच. आणि शेजारी काय आहे, यावर अँटेनाचं वागणं बरंच ठरतं.

हाच विषय यंदा नववीच्या मुलांबरोबर पाच शनिवार केला. निमित्त होतं विज्ञान मंडळाच्या विमानाचं. मुलांनी थर्माकोलचं रिमोटवर उडणारं छोटं विमान केलं होतं. त्याच्या नाकाजवळ बोटाच्या पेराएवढा कॅमेरा आणि त्याचं चित्र जमिनीवरच्या स्क्रीनवर पाठवणारा चिमुकला प्रक्षेपक बसवायचा होता. मुलांचा प्रश्न अगदी साधा होता, "बाई, ह्याचा अँटेना विमानात कुठं बसवायचा? आत लपवला तर चालेल का?"

उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण एका वाक्यात मिळालेलं उत्तर मुलं तितक्याच लवकर विसरतात. शिवाय चित्र मध्येच गेलं तर पुढचा प्रकार गंमतीचा राहत नाही. मैदानाच्या कडेला आयाबाया आणि लहान पोरं उभी असतात. म्हणून ठरवलं की उडवायचं नंतर, आधी मोजायचं.

१ मिलिमीटरची किंमत

अशा छोट्या कॅमेऱ्यांचं चित्र बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर जातं. भारतात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. आता वर्गात करण्यासारखं गणित बघा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मिळते, ती आली साधारण ५.२ सेंटीमीटर. साधा उभा अँटेना तिच्या पावपट लांबीचा असतो, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. पेन्सिलीला टोक करताना उरलेल्या थोटकाएवढा!

मी मुलांना विचारलं, "हा अँटेना १ मिलिमीटर लांब झाला तर किती फरक पडेल?" १३ मध्ये १ म्हणजे जवळजवळ ८ टक्के. ५८०० चे ८ टक्के म्हणजे साडेचारशे मेगाहर्ट्झच्या वर. आपल्याला मोकळा असलेला अख्खा पट्टा दीडशेचा. म्हणजे एका मिलिमीटरने अँटेना त्या पट्ट्याच्या पार बाहेर जाऊन बसतो. हे गणित फळ्यावर झाल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. मिलिमीटरला एवढी किंमत असते हे त्यांनी भूमितीच्या तासालाही कधी मानलं नव्हतं.

आता शेजारच्या वस्तूंचा संबंध कुठे येतो? दहावीच्या पुस्तकात प्रकाशाचं अपवर्तन आहे. पाण्यात, काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो हे मुलांना शिकवतोच आपण. रेडिओलहरींचंही तसंच. प्लास्टिक, लाकूड, पाणी यांच्यात लहर मंदावते आणि तिची लांबी आखडते. तारेला अशी वस्तू चिकटली की तार कापली तेवढीच राहते, पण लहरीच्या मानाने ती जास्त लांब ठरते. मग अँटेनाचा सूर खाली उतरतो. तबल्याला शाई लावली की पुडीचा आवाज बदलतो, तसं काहीसं समजा. धातू जवळ आला तर गोष्ट वेगळी. धातूत स्वतःचे प्रवाह सुरू होतात आणि तो त्या अँटेनाचा बिनबोलावता भागीदार होऊन बसतो.

मोठा भाऊ तयार केला

अँटेनाचा सूर मोजायला नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र मिळतं. गावातल्या एका हॅम रेडिओवाल्या काकांनी ते आम्हाला उसनं दिलं. पण ते साधारण ९०० मेगाहर्ट्झपर्यंतच नीट मोजतं. आमचा अँटेना ५८०० चा. मग काय करायचं?

मुलांना नकाशाचं प्रमाण माहीत असतं. तेच इथे वापरलं. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेचौतीस सेंटीमीटरच्या थोडी वर भरते, म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या ६.७ पट. म्हणून आम्ही त्याच आकाराचा ६.७ पट मोठा अँटेना केला. घरच्या वायरिंगमधली तांब्याची तार सोलून मधोमध एक उभी काडी आणि खाली चार आडव्या काड्या. पावपट लांबी ८.६६ सेंटीमीटर येते, पण तारेच्या जाडीमुळे थोडी कमी घ्यावी लागते. मुलांनी एकेक मिलिमीटर कापत कापत सूर जुळवला. इथे १ मिलिमीटरला साधारण १० मेगाहर्ट्झ सरकतात, त्यामुळे पक्कडने काम भागतं. अंतरंही त्याच प्रमाणात मोजायची. विमानावर अँटेनापासून १ सेंटीमीटरवर बॅटरी असेल, तर टेबलावर ती ६.७ सेंटीमीटरवर धरायची.

यंत्र आधी शून्यावर आणावं लागतं. व्हर्निअर कॅलिपरची शून्यांश त्रुटी पाहतो ना, तसंच. टोक उघडं, टोक जोडलेलं आणि ५० ओहमचा रोध, अशा तीन जोडण्या करून त्याला ओळख पटवून द्यायची. मग पडद्यावर एक रेषा दिसते आणि अँटेनाचा जिथे सूर जुळतो तिथे तिला खड्डा पडतो. सोबत एसडब्ल्यूआर नावाचा आकडा येतो. १ म्हणजे पाठवलेलं सगळं अँटेनाने स्वीकारलं. २ म्हणजे सुमारे ११ टक्के शक्ती मागे परतली. ३ म्हणजे २५ टक्के परतली. परतलेली शक्ती प्रक्षेपकाला तापवते, म्हणूनच अँटेना न लावता व्हिडिओ प्रक्षेपक सुरू करायचा नसतो. हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

वहीतल्या नोंदी

नियम एकच होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. मोजताना सगळ्यांनी टेबलापासून दोन हात मागे उभं राहायचं. हा दुसरा भाग पाळणं मुलांना फार जड गेलं, कारण प्रत्येकाला पडदा बघायचा असतो! शेवटी खडूने जमिनीवर रेषाच मारली.

थर्माकोलचा जाड ठोकळा अँटेनाला अगदी चिकटवला, तरी खड्डा जवळपास हलला नाही. थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच असते, त्यामुळे लहरीला तो असून नसल्यासारखा.

प्लास्टिकची पट्टी चिकटवली तर खड्डा थोडा डावीकडे, म्हणजे खालच्या वारंवारतेकडे गेला. दोन सेंटीमीटर दूर नेताच जवळजवळ मूळ जागी परतला.

पतंगासाठी तासलेली बांबूची कामटी कोरडी असताना प्लास्टिकसारखीच वागली. तीच कामटी रात्रभर पाण्यात भिजवून आणली तर खड्डा कितीतरी जास्त सरकला. वस्तू तीच, फक्त ओल वाढली. पाण्यात लहर अतिशय मंदावते, त्यामुळे थोडं पाणीही पुष्कळ बोलतं. एका मुलाचे वडील डिश बसवायचं काम करतात. तो म्हणाला, "म्हणूनच जोराच्या पावसात आमच्याकडं फोन येत्यात." त्याचं बरोबर आहे. डिशच्या लहरी आणखी आखूड असतात आणि त्यांना पावसाचे थेंबही अडवतात.

स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद दोन सेंटीमीटरवर समांतर धरला तर खड्डा उथळ झाला आणि एसडब्ल्यूआर ३ च्या वर गेला. सगळ्यांना अपेक्षित होतं ते. पण पुढची वस्तू होती कार्बन तंतूंची काळी काडी. मुलांनी तिचा अंदाज "प्लास्टिकसारखी" असा लिहिला होता. ती वागली धातूसारखी, कारण कार्बनचे तंतू वीज वाहून नेतात. लिथियम पॉलिमर बॅटरीचंही तेच. वरून मऊ पिशवी दिसते, पण त्या पिशवीत ॲल्युमिनियमचा थर असतो. ही बॅटरी मी स्वतः हाताळली, मुलांच्या हाती दिली नाही. तुम्हीही देऊ नका.

आणि हात! सात सेंटीमीटरवर आणलेल्या तळहाताने रेषा स्पष्ट हलली, दोनवर आणल्यावर पार विस्कटली. मुलं पाळीपाळीने हात पुढेमागे करत राहिली. न दिसणारी गोष्ट आपल्या हाताने हलते आहे, याचा त्यांना झालेला आनंद तुम्ही पाहायला हवा होता.

इथे त्यांना जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट सांगितली. १८९० च्या दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवताना बोस काही मिलिमीटर ते अडीच सेंटीमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. कोणत्या वस्तूतून लहर कशी जाते हे पाहायला त्यांनी पिळलेला ताग वापरला. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचे पातळ पत्रे घालून त्याचंही उपकरण केलं. म्हणजे घरातल्या वस्तू घेऊन आम्ही जे करत होतो, त्याला चांगली सव्वाशे वर्षांची परंपरा आहे!

ओला रुमाल

तिसऱ्या शनिवारी जे झालं, त्याच्यासाठीच खरं तर हा लेख लिहितेय.

एका गटाची तार थोडी जास्त कापली गेली होती. त्यांचा एसडब्ल्यूआर ८६६ ला १.९ येत होता. वस्तूंच्या यादीत त्यांच्याकडे होता ओला रुमाल. त्यांनी तो अँटेनाभोवती सैल गुंडाळला आणि आकडा आला १.३. म्हणजे सुधारला! पुन्हा केलं, पुन्हा तेच.

गटात वाद सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, "हे लिहायचं नाही. पाण्यानं बिघडतं असं सगळ्यांचं आलंय. आपलं चुकीचं दिसंल." वही जिच्याकडे होती ती मुलगी म्हणाली, "पण आलंय तर हेच."

शिक्षक मित्रहो, प्रयोगवही आपल्याकडे कशी भरली जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. लंबकाचा प्रयोग असो की भिंगाचं नाभीय अंतर, उत्तर आधी ठरलेलं असतं आणि निरीक्षणं त्याच्या मागून येतात. मागच्या वर्षीची वही पुढच्या वर्षी फिरते. मुलांना यात गैर काही वाटत नाही, कारण बरोबर आकड्याला मार्क आहेत आणि दिसलेल्या आकड्याला नाहीत. तो मुलगा लबाड मुळीच नव्हता. नऊ वर्षांच्या शाळेने जे शिकवलं तेच तो बोलत होता.

मी एवढंच म्हटलं, "लिही. आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढ."

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, अँटेना काढून त्याच्या जागी तो ५० ओहमचा रोध लावला. एसडब्ल्यूआर १.०, अगदी पैकीच्या पैकी. मी विचारलं, "हा आपला सर्वांत चांगला अँटेना. विमानावर लावायचा का?" दोन क्षण शांतता आणि मग हशा पिकला. रोध सगळी शक्ती घेतो खरा, पण तिची उष्णता करून टाकतो. बाहेर काहीच पाठवत नाही. म्हणजे हा आकडा फक्त एवढंच सांगतो की शक्ती परत आली नाही. ती कुठे गेली, हे तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्राच्या दुसऱ्या तोंडाला तसाच आणखी एक अँटेना जोडून तो १ मीटरवर उभा केला. आता पाठवलेल्यातलं पलीकडे किती पोचतं ते मोजता येत होतं. रुमाल नसताना मोजलं, रुमाल गुंडाळून मोजलं. रुमालासकट ४ डेसिबल कमी पोचत होतं. शंभरातले साठ भाग वाटेतच गेले होते. ओल्या रुमालाने आखूड अँटेनाचा सूर खाली ओढून बरोबर ८६६ वर आणला होता आणि त्याच वेळी बरीचशी लहर स्वतःच पिऊन टाकली होती. सूर जुळला आणि आवाज बसला!

त्या मुलीने नोंद खोडली असती तर हे सगळं आमच्या हातून निसटलं असतं. पाचही शनिवारांतलं सर्वांत मोलाचं वाचन तेच होतं, आणि तेच खोडलं जाण्याच्या बेतात होतं.

मैदानावर

मोठ्या भावाने सगळं सांगितलं असं मानू नका. पाणी किंवा शरीर ५.८ गिगाहर्ट्झची लहर ८६६ पेक्षा जास्त शोषतं, त्यामुळे टेबलावरचे आकडे विमानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. टेबलाने फक्त काय तपासायचं ते सांगितलं. चौथ्या शनिवारी खरं विमान स्टुलावर ठेवलं, पंखा काढून टाकला आणि स्क्रीन हातात घेऊन मुलं पावलं मोजत दूर चालत गेली. मुंग्या दिसू लागल्या की थांबायचं आणि पावलं लिहायची.

अँटेना पोटात बॅटरीला खेटून ठेवला तेव्हा नव्वदेक पावलांवर चित्र फुटू लागलं. तोच अँटेना कोल्ड्रिंकच्या नळीत घालून पाठीवर उभा केला, तर मैदान संपलं तरी चित्र शाबूत होतं. मग विमान हळूहळू गोल फिरवलं. एका कोनात, बॅटरी मध्ये येताच, पुन्हा मुंग्या. नाकाजवळ अडीच सेंटीमीटरचा एक लोखंडी स्क्रू होता. त्याची लांबी या लहरीच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे तोही स्वतःचा अँटेना होऊन बसू शकतो. तो काढून तिथे नायलॉनचा लावला. सगळ्यांत मजा आली ती एका मुलाने घरी परतण्यासाठी स्क्रीनसह पाठ फिरवली तेव्हा. चित्र गेलं! त्याचं स्वतःचं शरीर मध्ये आलं होतं.

"मग अँटेना अगदी शेपटीलाच लावू," असं काही जण म्हणाले. पण तिथवर जाणाऱ्या बारीक केबलमध्येही या वारंवारतेला बरीच शक्ती वाया जाते, आणि शेपूट जड झाली तर विमानाचा तोल बिघडतो. बरीच चर्चा होऊन जागा ठरली ती पंखांच्या मागे, पाठीवर, बॅटरीपासून एक वीत दूर. ही जागा पुस्तकात नव्हती. मुलांनी ती स्वतःच्या आकड्यांवरून काढली आणि का काढली हे त्यातला प्रत्येक जण सांगू शकतो.

पाचव्या शनिवारी विमान उडालं. कायम नजरेच्या टप्प्यात, माणसांपासून लांब, एक जण स्क्रीनकडे आणि एक जण आकाशाकडे बघत. तुम्ही करणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि सरकारी नकाशावरचा तुमच्या गावाचा विभाग आधी जरूर पाहा.

तुमच्यासाठी

यंत्र नसलं तरी यातलं पुष्कळ काही करता येतं. जुना एफएम रेडिओ घ्या आणि मुद्दाम दूरचं, खरखरणारं स्टेशन लावा. अँटेनाजवळ हात, पाण्याची बाटली, स्टीलचं ताट, पुठ्ठा असं एकेक आणून ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदला. अंदाज आधी लिहा, ऐकलेलं नंतर लिहा आणि अंदाज चुकला तर तो तसाच राहू द्या.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, "आज प्रयोगात भलतंच आलं," तर लगेच "नीट केलं नसशील" असं म्हणू नका. "किती आलं? परत केलंस का?" एवढंच विचारा. परत करूनही तेच येत असेल, तर कदाचित तिथेच काहीतरी शिकण्यासारखं आहे.

आणि शिक्षकांना सुचवावंसं वाटतं की प्रात्यक्षिकाच्या गुणांतला एखादा तरी गुण न जुळणाऱ्या, पण प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदीसाठी राखून ठेवा. मी या वर्षीपासून ठेवलाय. पहिला मिळाला तो त्या प्रश्नचिन्हाला.